पाण्याखालची हिरवळ

काचेच्या टाकीचा तळ पोपटी हिरवळीनं झाकलेला, मधे दोन-तीन काळे दगड आणि वरून निऑन टेट्रांचा थवा सरकतोय, असा फोटो हौशी माणसाच्या मनात घर करतो. तो दुकानातून रोपांची एक डबी आणतो, रेतीत खोचतो, जास्त वॅटचा लाइट लावतो आणि महिन्याभरात शेवाळानं माखलेल्या पिवळ्या काड्या उपटून टाकतो. आपल्या हवेत हे होत नाही, असं मग तो इतरांनाही सांगतो. पण होतं. मुंबईच्या दमट हवेत होतं आणि नागपूरच्या उन्हाळ्यातही होतं. त्यासाठी त्या फोटोत जे दिसत नाही, ते आधी समजून घ्यावं लागतं.

दिसत नाही तो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे हौशी मंडळींच्या भाषेत सीओटू. पाण्याखालच्या हिरवळीची कल्पना जगभर पोहोचवली ती जपानच्या निइगाताचे छायाचित्रकार ताकाशी अमानो (१९५४–२०१५) यांनी. १९८२ साली त्यांनी ॲक्वा डिझाइन अमानो, म्हणजे एडीए, ही कंपनी काढली. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडच्या ग्लोसोस्टिग्मा या चिमुकल्या रोपाला टाकीच्या तळावर आडवं पसरायला लावलं. २०१५ मध्ये त्यांनी लिस्बनच्या मत्स्यालयात उभारलेली शेवटची मोठी टाकी ४० मीटर लांबीची आहे. त्यांच्या टाक्यांत लाइट, खतं, दगडांची मांडणी हे सगळं होतंच; पण या सगळ्याचा पाया होता पाण्यात विरघळवलेला सीओटू.

कारण ज्यांना आपण कार्पेट प्लांट म्हणतो, त्यातली बहुतेक रोपं पूर्णवेळ पाण्यातली नाहीत. ती ओढ्याकाठची, पाणथळ जागेतली. वर्षातले काही महिने ती पाण्याखाली जातात, उरलेले महिने मुळं चिखलात आणि पानं हवेत. हवेत त्यांना सीओटू सतत आणि फुकट मिळतो. पाण्यात तोच वायू हवेपेक्षा सुमारे १०,००० पट हळू पसरतो. हवेशी समतोल साधलेल्या साध्या पाण्यात तो लिटरमागे १ मिलिग्रॅमही नसतो. मासे आणि मातीतले जिवाणू थोडी भर घालतात, एवढंच. दाट हिरवळीसाठी हे प्रमाण लिटरमागे २० ते ३० मिलिग्रॅमच्या आसपास हवं. त्यात कार्पेटची जागा सगळ्यात अडचणीची. लाइटपासून सर्वांत लांब, दगडांच्या सावलीत, आणि जिथे पाण्याचा प्रवाह मंदावतो तिथे. म्हणून टाकीत काहीही कमी पडलं, की त्याची पहिली झळ कार्पेटला लागते.

लाइट झाडाची भूक वाढवतो. भाकरी येते ती सीओटूतून. भूक वाढवून ताट रिकामं ठेवलं, की झाड अशक्त होतं आणि त्याच्या पानांवर शेवाळ बसतं. पुढे जे काही सांगणार आहे ते याच एका मुद्द्यावरून ठरतं: कुठलं रोप घ्यायचं, लाइट किती तास ठेवायचा, उन्हाळ्यात काय करायचं, कात्री कधी लावायची.

रोप निवडताना

पहिला प्रश्न स्वतःला विचारा: सीओटूचा सिलिंडर लावणार आहात का? नसेल लावायचा, तर त्यात कमीपणा काहीच नाही, पण मग क्युबाचा हट्ट सोडा. हेमिऍन्थस कॅलिट्रिकॉइडिस, बाजारातलं नाव 'एचसी क्युबा', हे सर्वांत बारीक पानांचं आणि सर्वांत देखणं कार्पेट. गॅसशिवाय ते टिकत नाही असंच धरून चाला. ग्लोसोस्टिग्माचंही तेच, शिवाय लाइट कमी पडला की ते आडवं पसरायचं सोडून उभं वाढतं.

गॅस नसेल तर माझी पहिली पसंती मार्सिलिया हिरसुटा. आपल्या भातखाचरांत, तळ्याकाठी चार पाकळ्यांच्या पानांचं एक नेचं उगवतं, त्याचीच ही ऑस्ट्रेलियन बहीण. पाण्याखाली गेल्यावर पानं कधी चार भागांची, कधी दोन, बहुतेकदा एकच गोल टिकली. वाढ संथ, पण मातीखालून खोड पसरत राहतं आणि कात्री क्वचितच लागते. गवतासारखं काही हवं असेल तर हेलँथियम टेनेलम किंवा लिलिओप्सिस घ्या. क्रिप्टोकोरिन पार्वा ही श्रीलंकेची, आपल्या कुळातली सर्वांत छोटी क्रिप्ट. ती चिवट आहे, पण तळ भरायला वर्षही लागू शकतं. ज्यांना वाट पाहायला आवडते त्यांनीच ती लावावी.

गॅस असेल आणि पहिलंच कार्पेट असेल, तर मॉन्टे कार्लो. अर्जेंटिनातून आलेलं हे रोप पानानं क्युबापेक्षा थोडं मोठं, मुळानं घट्ट आणि चुका सोसणारं. त्याच्या जोडीला एलिओकॅरिस, म्हणजे हेअरग्रास. त्यातला 'मिनी' प्रकार बुटका राहतो. हेअरग्रास एका ठिकाणी लावलं की धावत्या खोडांनी स्वतःच्या मर्जीनं कुठेही उगवतं, म्हणून ते आणि मॉन्टे कार्लो एकाच टाकीत लावायचं असेल तर मधे दगडांची ओळ हवी. ब्राझीलचं स्टॉरोजिन रेपन्स खऱ्या अर्थानं कार्पेट नाही, बुटक्या झुडपांची दाटी आहे; मोठ्या टाकीत मात्र ते फार शोभतं.

एका रोपाबद्दल वेगळं सांगायला हवं. युट्रिक्युलेरिया ग्रॅमिनिफोलिया हे भारतासह दक्षिण आशियात आढळणारं कीटकभक्षी रोप; पावसाळ्याच्या शेवटी कास पठारावर फुलणारी सीतेची आसवं याच वंशातली. त्याला खरी मुळं नसतात, सूक्ष्म जीव पकडणाऱ्या बारीक पिशव्या असतात. खतावलेल्या मातीत आणि जड पाण्यात ते बिथरतं. ते लावायचं तर टाकीच त्याच्यासाठी वेगळी करावी.

आणि ऑनलाइन मिळणाऱ्या 'कार्पेटच्या बिया' घेऊ नका. क्युबा किंवा मॉन्टे कार्लो बियांच्या पाकिटातून विकलं जात नाही, ते फुटव्यांपासूनच वाढवतात. त्या बिया ओल्या मातीत आठवड्यात उगवतात, फोटो सुंदर येतो आणि पाणी भरल्यावर काही काळानं सगळं कुजतं. त्या कुजण्यात मासेही जातात.

पाणी आणि माती

पाणी कुठून येतं हे आधी बघा. मुंबईला भातसा, तानसा, वैतरणा या जलाशयांचं पाणी मिळतं. ते सौम्य असतं आणि कार्पेटला मानवतं. दख्खनच्या काळ्या खडकातलं बोअरचं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांनी जड असतं. मराठवाड्यात किंवा पुण्याच्या कडेच्या सोसायट्यांत टँकर आणि बोअर यांचं मिश्रण येतं, ते आठवड्यागणिक बदलतं. टीडीएस मीटर स्वस्त आहे, पण तो एकूण क्षार सांगतो, त्यातलं काय किती हे सांगत नाही. त्यामुळे केएचची, म्हणजे कार्बोनेट जडपणाची, थेंबांची चाचणी एकदा तरी करा. केएच २ ते ६ च्या दरम्यान असेल तर काही करू नका. १० च्या वर असेल तर घरच्या आरओचं शुद्ध पाणी निम्मं-निम्मं मिसळा. आरओच्या सांडपाण्याच्या नळीतलं पाणी मात्र टाकीत नको. सगळे क्षार त्यातच उतरलेले असतात. क्लोरीन उडवायला पाणी दिवसभर उघडं ठेवलं तरी चालतं, पण क्लोरामाइन तसं जात नाही, म्हणून डीक्लोरिनेटर वापरण्याची सवय बरी.

मातीवर मात्र पैसे वाचवू नयेत, असं माझं ठाम मत आहे. भाजलेल्या मातीचे १ ते ३ मिलिमीटरचे दाणे, म्हणजे ॲक्वासॉइल, हे कार्पेटसाठी सर्वांत योग्य माध्यम. दाणे हलके असल्यानं नाजूक मुळं सहज शिरतात, मातीत अन्न असतं आणि ती पाण्याचा केएच थोडा खाली आणते. पुढे ४-५ सेंटिमीटर आणि मागे ८-१० सेंटिमीटर असा उतार द्या. उतारामुळे टाकी खोल दिसते, आणि मागचं कार्पेट लाइटच्या जवळही येतं. नवी ॲक्वासॉइल पहिले काही आठवडे पाण्यात अमोनिया सोडते, ही गोष्ट पाकिटावर बारीक अक्षरात असते. म्हणून पहिल्या दिवशी मासे सोडू नका.

बजेट कमी असेल तर खाली दोन-अडीच सेंटिमीटर चाळलेली साधी बागेतली माती आणि वर तेवढीच बारीक रेती, ही डायना वॉल्स्टॅड यांची पद्धत मार्सिलिया, टेनेलम यांना चालते. मातीत शेणखत किंवा रासायनिक खत मिसळलेलं नसावं. कोकणातल्या जांभ्याच्या मातीत लोह भरपूर, पण नत्र आणि स्फुरद फारसं नाही. नुसत्या तिच्यावर कार्पेट जगत नाही. रेती घेताना मूठभर रेतीवर व्हिनेगर टाकून पाहा. फेस आला तर तीत शिंपल्यांचा चुरा आहे, ती पाणी जड करत राहील. समुद्रकिनाऱ्याची रेती म्हणूनच नको. दगडांनाही हीच परीक्षा.

लावणी

रोपं टिश्यू कल्चरच्या बंद डबीतली घ्या. कुंडीतल्या रोपांबरोबर गोगलगायींची अंडी, शेवाळ आणि कधी कीटकनाशकही येतं. कोळंबी पाळायची असेल तर ते परवडत नाही. डबीतली जेली कोमट पाण्यात बोटांनी पूर्ण धुऊन काढा. मग रोपाचे साधारण १ सेंटिमीटरचे झुबके करा. एका डबीत असे पंचवीस-तीस निघतात. २ फूट बाय १ फूट तळाच्या टाकीला चार ते सहा डब्या लागतात. दोन डब्यांतही कार्पेट होतं, पण तोवर उघड्या मातीवर शेवाळाचं राज्य असतं. सुरुवातीलाच दाट लावणं हा खर्च वाटला तरी पुढच्या सगळ्या त्रासांवरचा सर्वांत चांगला उपाय आहे.

माती ओली करा, पाणी तिच्या पृष्ठभागाला टेकेल एवढंच ठेवा. लांब, टोकदार चिमट्यात झुबका धरून तिरका खुपसा, पानांची टोकं वर राहतील इतका खोल, आणि चिमटा सैल करून हलवत बाहेर काढा. दोन झुबक्यांत दोन-अडीच सेंटिमीटर अंतर. हेअरग्रास आखूड कापूनच लावा. मधूनमधून पाण्याची फवारणी करत राहा. पंख्याखाली बसून लावणी केली तर अर्ध्या तासात पानं सुकतात. शेवटी मातीवर प्लास्टिकची पिशवी पसरून तिच्यावर पाण्याची बारीक धार सोडा, म्हणजे झुबके उखडत नाहीत.

काहीजण पाणी न भरता सुरुवात करतात. माती ओली ठेवायची, टाकी क्लिंग फिल्मनं झाकायची, १० ते १२ तास लाइट द्यायचा आणि महिना-दीड महिना रोपं हवेत वाढू द्यायची. ही कोरडी सुरुवात चांगली चालते, कारण त्या काळात सीओटू हवेतूनच मिळतो. दिवसातून एकदा झाकण उघडून हवा खेळती ठेवा. पावसाळ्यात कोकणात बुरशी झपाट्यानं धरते, तेव्हा दोनदा. पण एक गोष्ट फार लोक विसरतात. हवेत वाढलेली पानं हवेसाठीच बनलेली असतात. पाणी भरलं की रोपाला नवी, पाण्यातली पानं काढावी लागतात आणि जुनी विरघळतात. त्या दिवसापासून गॅस पूर्ण जोमानं सुरू असायला हवा. ज्यांच्याकडे गॅस नाही, त्यांनी कोरड्या सुरुवातीनं मॉन्टे कार्लोचं गच्च कार्पेट करून पाणी भरलं, तर महिन्याभरात ते विस्कटताना पाहावं लागतं. गॅस टाळायचा तो मार्ग नाही.

गॅस

सिलिंडर, रेग्युलेटर, सोलेनॉइड, बारीक चावी, बुडबुडे मोजायची नळी आणि डिफ्युझर, एवढं सामान लागतं. सिलिंडर अग्निशामक यंत्रं भरून देणाऱ्यांकडे भरून मिळतो. त्याच्यावर कोरलेली दाब-तपासणीची तारीख बघून घ्या, तो उभाच ठेवा, कपाटाला बांधा आणि उन्हापासून, शेगडीपासून लांब ठेवा. बंद छोट्या खोलीत ठेवणार असाल तर खिडकी उघडी राहील असं पाहा. आत द्रवरूप सीओटू आहे तोवर दाबमापकाचा काटा जवळजवळ हलत नाही आणि द्रव संपला की झर्रकन उतरतो, म्हणून किती गॅस उरला हे काट्यावरून नव्हे, वजनकाट्यावर ठेवून ओळखावं. सिलिंडर नको असेल तर लिंबूसत्त्व आणि खाण्याचा सोडा यांच्यावर चालणारे स्टीलचे छोटे संच मिळतात. २ फुटी टाकीला ते पुरतात. साखर-यीस्टच्या बाटलीतून गॅस कमी-जास्त येत राहतो, आणि ते चढउतार कार्पेटला गॅस नसण्याइतकेच वाईट.

सेकंदाला किती बुडबुडे, हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. त्याला उत्तर नाही. प्रत्येक नळीतला बुडबुडा वेगळ्या आकाराचा असतो. टाकीत ड्रॉप चेकर लावा, त्यात ४ केएचचं तयार द्रावण आणि रंगद्रव्य घाला. निळा म्हणजे गॅस कमी, हिरवा म्हणजे सुमारे ३० मिलिग्रॅम, पिवळा म्हणजे जास्त. हा रंग दोन-एक तास मागे असतो, म्हणून चावी फिरवून लगेच निकाल पाहू नका. पीएच मीटर असेल तर त्याहून पक्की रीत आहे: टाकीतलं ग्लासभर पाणी दिवसभर उघडं ठेवून त्याचा पीएच मोजा, आणि गॅस चालू असताना टाकीचा मोजा. फरक १ चा आला तर सीओटू दहापट झालेला आहे. तेवढं बहुतेक टाक्यांना पुरतं.

गॅस लाइटच्या दीड-दोन तास आधी सुरू व्हावा आणि लाइट बंद होण्याच्या तासभर आधी थांबावा. रात्री झाडं सीओटू घेत नाहीत, उलट सोडतात. तेव्हा गॅस चालू राहिला तर मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडझाप करतात. असं दिसलं तर गॅस बंद, एअर पंप चालू आणि निम्मं पाणी बदला. वीज जाणाऱ्या गावांत टायमर बॅटरीवर वेळ लक्षात ठेवणारा घ्या. साधा फिरता टायमर वीज गेली की मागे पडतो आणि दोन-चार दिवसांत लाइट-गॅसची वेळ भलतीकडेच सरकते.

डिफ्युझर फिल्टरच्या प्रवाहाखाली लावा, म्हणजे बुडबुडे खाली ढकलले जातात. कार्पेटची पानं सगळीकडे हलकेच डोलताना दिसली पाहिजेत. जिथे ती निश्चल आहेत, तिथेच काही आठवड्यांनी पिवळा डाग पडतो.

पहिले सहा आठवडे

लाइट ६ तासच. कितीही मोह झाला तरी पहिला महिना ६ तासच. लिटरमागे ३० ते ४० लुमेन बहुतेक कार्पेटना पुरतात, गॅस नसलेल्या टाकीला त्याच्या निम्मे. रोपं पसरू लागली की आठवड्याला अर्धा तास वाढवत ८ पर्यंत न्या.

ॲक्वासॉइल असेल तर पहिल्या आठवड्यात रोज निम्मं पाणी बदला, दुसऱ्यात एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा आणि दीड महिन्यानंतर एकदा. या कामाला पर्याय नाही. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्याची चाचणी मिळेपर्यंत मासे थांबू शकतात.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काचेवर आणि पानांवर तपकिरी लेप येतो. हे डायटम, नवीन टाकीत ते येतातच आणि आपोआप ओसरतात. हातानं पुसा, पाणी बदला, औषध टाकू नका. याच सुमारास जुनी पानं पारदर्शक होऊन गळतात आणि बरेचजण घाबरून सगळं उपटतात. रोपाच्या मधोमध बारीक नवा फुटवा दिसतोय का ते बघा. दिसत असेल तर गळालेली पानं नळीनं ओढून घ्या आणि रोपाला हात लावू नका.

खत

ॲक्वासॉइलच्या टाकीला पहिले दोन महिने फारसं खत लागत नाही. नंतर लागतं, आणि महाराष्ट्रात हे खत शोधायला लांब जावं लागत नाही. द्राक्ष आणि डाळिंबाचे बागायतदार ठिबकमधून देतात ते १३:००:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट आणि ००:५२:३४ म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट. कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं. १ लिटर आरओच्या पाण्यात पहिलं १६ ग्रॅम आणि दुसरं दीड ग्रॅम विरघळवा. २ फुटी टाकीत दगड-माती वजा जाता ५० लिटर पाणी धरलं, तर या द्रावणाचे १० मिलिलिटर आठवड्यातून पाच दिवस दिल्यानं सुमारे १० मिलिग्रॅम नायट्रेट आणि १ मिलिग्रॅम फॉस्फेट प्रतिलिटर मिळतं. गॅस नसेल तर याचा चौथा हिस्सा पुरे. १९:१९:१९ मात्र कधीही नको. त्यातलं नत्र युरिया आणि अमोनियाच्या रूपातही असतं, ते माशांच्या जिवावर बेतू शकतं. लोह आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं वेगळ्या बाटलीतून, वेगळ्या दिवशी द्या, कारण फॉस्फेटबरोबर लोह साका होऊन बसतं. ती मत्स्यालयासाठीचीच घ्या. फवारणीच्या शेती मिश्रणांत तांबं असतं आणि कोळंबीला ते सोसत नाही.

उन्हाळा

बहुतेक कार्पेट २२ ते २६ अंशांत खुश असतात. मे महिन्यात आपल्या टाक्या ३० च्या वर जातात. तापलेल्या पाण्यात सीओटू आणि ऑक्सिजन दोन्ही कमी विरघळतात, झाडाचा श्वासोच्छ्वास मात्र वाढतो, म्हणजे कमाई घटते आणि खर्च वाढतो. अशा वेळी गॅस वाढवला तर मासे गुदमरतात. म्हणून लाइट कमी करा: दोन तास कमी, आणि तोही संध्याकाळी उशिरा सुरू करा. पाण्यावरून वारा जाईल असा छोटा पंखा लावला तर बाष्पीभवनानं पाणी दोन ते चार अंशांनी उतरतं. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत त्याचा चांगला उपयोग होतो. मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत कमी. उडालेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्यानंच घाला, नाहीतर उन्हाळा संपेपर्यंत टाकीत क्षार साठलेले असतात. बर्फाच्या पिशव्या टाकू नका; तापमानाचे झटके माशांना उष्णतेपेक्षा वाईट.

कापणी

कार्पेट लावणं जमलेल्या अनेकांचं कार्पेट पुढे पाच-सहा महिन्यांनी एका रात्रीत चादरीसारखं तळ सोडून वर येतं. कारण कापणीतली दिरंगाई. मॉन्टे कार्लो आणि क्युबा थरावर थर चढवत वाढतात. वरचा थर दाट झाला की खालच्याला लाइटही मिळत नाही आणि ताजं पाणीही. तो पिवळा पडून कुजतो, मुळांची पकड जाते, खाली वायूचे बुडबुडे अडकतात आणि सगळं उचललं जातं. म्हणून जाडी २-३ सेंटिमीटर झाली की पहिली कापणी, अगदी १ सेंटिमीटरपर्यंत. जीव घाबरतो, पण त्या दिवशीची खुरटी, पिवळट हिरवळ दोन आठवड्यांत दाट होते. पुढे दर तीन-चार आठवड्यांनी.

वाकड्या पात्याची कात्री घ्या. फिल्टर आणि गॅस बंद करा, मागून पुढे कापत या, तुकडे तरंगू द्या आणि बारीक जाळीनं काढा. मग निम्मं पाणी बदला. कापलेल्या देठांतून जे पाण्यात उतरतं ते शेवाळाला आवडतं. हेअरग्रासला आडवे, सरळ केस कापल्यासारखा काप चालतो. मार्सिलिया आणि टेनेलमला फक्त जुनी पानं देठापासून खुडायची. काढलेले तुकडे वाळवून कचऱ्यात टाका किंवा कुणाला तरी द्या. ओढ्यात, तळ्यात किंवा गटारात कधीही नाही. मुळा-मुठेत आणि पंचगंगेत जलपर्णीनं काय केलंय ते आपण दरवर्षी बघतो, आणि तीही शोभेची म्हणूनच बाहेरून आली होती.

कार्पेट मुरलं की मासे निवडतानाही त्याचा विचार करा. गोल्डफिश आणि बहुतेक सिक्लिड माती उकरतात. टेट्रा, रासबोरा, आपले झेब्रा डॅनियो वरच्या पाण्यात राहतात. अमानो कोळंबी आणि ओटोसिंक्लस पानांवरचं कोवळं शेवाळ साफ ठेवतात. अमानोंच्या नावानं ओळखली जाते ती कोळंबी त्यांनीच टाक्यांत आणली. पण काळं, दाढीसारखं शेवाळ आलं असेल तर कोळंबीकडून अपेक्षा ठेवू नका. ते बहुतेकदा सीओटू वर-खाली होतोय याची खूण असते. सिलिंडर संपत आलाय का, डिफ्युझर तुंबलाय का, हे आधी बघा. मातीवर निळसर-हिरवा, उग्र वासाचा लेप आला तर तिथे पाणी साचून राहिलंय. तो नळीनं ओढून घ्या, प्रवाहाची दिशा बदला आणि तीन-चार दिवस टाकी पूर्ण अंधारात ठेवा.

वर्ष-दीड वर्षानं ॲक्वासॉइलमधलं अन्न संपतं. पानं बारीक होतात, कापणीनंतर पूर्वीसारखं भरून येत नाही. सगळी टाकी मोडायची गरज नाही. कार्पेटचा एक तृतीयांश भाग कात्रीनं चौकोनात कापून, मुळांसकट हळूच उचला. खालची मऊ झालेली माती रुंद नळीनं ओढून घ्या, नवी भरा, उचललेल्या चादरीचा फक्त वरचा ताजा सेंटिमीटरभर भाग कापून तोच पुन्हा झुबक्या-झुबक्यानं लावा. हललेल्या मातीतून अमोनिया सुटतो, म्हणून त्या दिवशी निम्मं पाणी बदला आणि पुढचे चार दिवस रोज थोडं. दुसरा भाग तीन आठवड्यांनी, तिसरा त्यानंतर तीन आठवड्यांनी. तिसऱ्या भागाची लावणी होईपर्यंत पहिला भाग पहिल्या कापणीला आलेला असतो.